आशियातल्या समुद्रांचा सुरक्षा-अभ्यास: नव्या संशोधकाने सुरुवात कुठून करावी

संरक्षणशास्त्र, राज्यशास्त्र, पत्रकारिता, कधी अभियांत्रिकी शिकलेली मुलं-मुली विचारतात की सागरी सुरक्षा आणि नौदलाची रणनीती या विषयात काम करायचं तर आधी काय वाचावं. माझं उत्तर असतं की वाचन थोडं थांबू द्या, आधी नकाशावर एक जागा निवडा. ‘हिंद-प्रशांत’, ‘महासत्तांची स्पर्धा’, ‘मोत्यांची माळ’ अशा मोठ्या शब्दांपासून निघालेला अभ्यासक वर्षानुवर्षं त्याच शब्दांभोवती फिरत राहतो. एका जागी कोणतं जहाज कधी आलं, त्याला कुणी अडवलं, कोणत्या कायद्याच्या आधारे अडवलं आणि नंतर दोन्ही सरकारं काय म्हणाली, एवढं नीट मांडता आलं की हे मोठे शब्द खरे की पोकळ हे तुमचं तुम्हालाच कळायला लागतं.

या लेखात मी एकच जागा शेवटपर्यंत वापरणार आहे. दक्षिण चीन समुद्रातलं सेकंड थॉमस शोल हे फिलिपिन्सच्या पालावन बेटापासून सुमारे १०५ नॉटिकल मैलांवरचं, भरतीला पाण्याखाली जाणारं प्रवाळाचं कडं आहे. १९९९ मध्ये फिलिपिन्सने ‘बीआरपी सिएरा माद्रे’ ही दुसऱ्या महायुद्धातली जुनी नौका मुद्दाम तिथे रुतवली आणि तिच्यावर मूठभर नौसैनिक ठेवले. ते आजही तिथे आहेत. त्यांना अन्न, पाणी आणि डागडुजीचं सामान बोटींनी पोहोचवावं लागतं. त्या बोटी चीनची जहाजं अडवतात. एवढीशी ही गोष्ट, पण कायदा, जहाजबांधणी, युती, प्रचार आणि मच्छीमारी हे सगळे धागे तिच्यात येऊन मिळतात.

१. प्रश्न लहान करा

‘दक्षिण चीन समुद्रातली चीनची रणनीती’ हा विषय आहे, प्रश्न नाही. प्रश्न असा हवा: २०२३ आणि २०२४ मध्ये सेकंड थॉमस शोलकडे जाणाऱ्या रसदीच्या बोटी अडवण्यासाठी चीनने नौदलाऐवजी तटरक्षक दल का पुढे केलं? या प्रश्नाला जागा आहे, काळ आहे, कर्ता आहे आणि पर्यायही आहे. नौदल पाठवता आलं असतं, तरी पाठवलं नाही. रणनीतीचा अभ्यास म्हणजे अशा ‘केलं असतं, पण केलं नाही’ जागांचा अभ्यास.

असे प्रश्न आशियाभर पडलेले आहेत. सिंगापूरजवळच्या फिलिप्स खाडीत, जिथे मलाक्काची वाट जेमतेम दीड नॉटिकल मैल रुंद उरते, तिथे रात्री जहाजावर चढून इंजिनाचे सुटे भाग चोरणाऱ्यांना आळा का बसत नाही? चीनचं ‘युआन वांग ५’ हे क्षेपणास्त्रं आणि उपग्रहांचा मागोवा घेणारं जहाज ऑगस्ट २०२२ मध्ये हंबनटोटाला लागलं. २०२४ साठी मात्र श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांवर वर्षभराची बंदी घातली. मधल्या काळात कोलंबोत काय बदललं? यातला कुठलाही एक प्रश्न पदव्युत्तर प्रबंधाला पुरून उरेल.

प्रश्न एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. महिन्याभराने तो बदलेल, बदलू द्या. पण एका वेळी एकच.

२. नकाशा हाताने काढा

एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाची एक कला (अंशाचा साठावा भाग). एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल. हे पाठ झालं की वेळेचं गणित सुचू लागतं. पालावनहून १२ नॉटने निघालेली बोट सेकंड थॉमस शोलला साधारण पावणेनऊ तासांनी पोहोचते. चीनच्या मुख्य भूमीकडचं हैनान बेट तिथून १००० किलोमीटरहून दूर आहे. मग चीनची जहाजं तिथे कायम हजर कशी असतात? उत्तर नकाशातच आहे. तिथून सुमारे २० नॉटिकल मैलांवर मिसचीफ रीफ आहे. १९९५ मध्ये चीनने त्याचा ताबा घेतला आणि पुढे भराव टाकून तिथे बंदर आणि धावपट्टी बांधली. गस्त घालणारं जहाज घरून यायची गरज उरली नाही. हे वाक्य वाचणं आणि स्वतः पट्टी धरून अंतर मोजणं यांत फार फरक आहे.

क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सागरी हद्दींच्या रेषा ‘मरीन रिजन्स’ या संचातून घेता येतात. त्यातल्या बऱ्याच रेषा म्हणजे त्या त्या देशाचे दावे आहेत, हे नकाशाखाली लिहायला विसरू नका. भारतात काही छापणार असाल तर देशाच्या सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच दाखवा. समुद्राचे भारतीय नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. हेच कार्यालय आपल्या भागातल्या जहाजांना धोक्याच्या सूचना देतं. क्षेपणास्त्र चाचणीसाठी बंद केलेलं क्षेत्र अशा सूचनांतून आधीच कळतं, त्यामुळे त्या वाचायची सवय लावून घ्या.

आकडा घेताना तो कसा मोजला हेही विचारा. भारताचा किनारा शाळेत ७५१६ किलोमीटर शिकवला जायचा. नव्या मोजणीत तो ११,०९८ किलोमीटर भरला. किनारा लांबला नाही, मोजपट्टी बारीक झाली आणि खाड्यांची वळणं हिशेबात आली. दोन लेखांतले आकडे जुळत नसले की पुष्कळदा कारण असंच काहीतरी असतं.

३. कायदा मूळ मजकुरातून वाचा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्याकडच्या बातम्यांत सर्वाधिक घोळ इथेच होतो.

संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार १९८२ मध्ये झाला आणि १९९४ मध्ये लागू झाला. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ नॉटिकल मैल म्हणजे प्रादेशिक समुद्र, तिथे किनारी देशाचं सार्वभौमत्व असतं. मात्र परक्या जहाजांना निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्क असतो. २०० मैलांपर्यंतचं ते अनन्य आर्थिक क्षेत्र. इथे देशाला मासे, तेल आणि वायू यांवर हक्क आहेत, पण तो समुद्र त्याच्या मालकीचा नसतो. ‘अमुक जहाज आपल्या हद्दीत घुसलं’ असं वाक्य दिसलं की पहिला प्रश्न हा विचारा: १२ मैलांच्या आत की २०० मैलांच्या आत? उत्तराप्रमाणे पूर्ण बातमी बदलते.

दुसरा भाग त्याहून नाजूक आहे. पाण्यातून वर आलेली प्रत्येक गोष्ट बेट ठरत नाही. माणसांची वस्ती किंवा स्वतंत्र आर्थिक जीवन टिकू शकेल ते पूर्ण बेट, त्याला २०० मैल मिळतात. ते टिकत नसेल पण भरतीतही डोकं वर राहत असेल तर तो खडक, त्याला फक्त १२ मैल. आणि जे ओहोटीलाच उघडं पडतं, त्याला स्वतःचं असं काही मिळत नाही. फिलिपिन्सने २०१३ मध्ये चीनविरुद्ध दाखल केलेल्या खटल्याचा निवाडा १२ जुलै २०१६ रोजी आला. त्याने सेकंड थॉमस शोल आणि मिसचीफ रीफ या दोन्ही जागा तिसऱ्या प्रकारात घातल्या आणि त्या फिलिपिन्सच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात येतात असं सांगितलं. याच समुद्रातल्या स्प्रॅटली बेटसमूहातलं सगळ्यात मोठं नैसर्गिक बेट, तैवानच्या ताब्यातलं इतू आबा, तेही कायद्याच्या भाषेत खडकच ठरलं.

सुमारे ५०० पानांचा हा निवाडा जमेल तसा, पण मूळ वाचा. तो वाचल्यावर बातम्यांत न येणाऱ्या दोन गोष्टी दिसतात. पहिली, कुठली जागा कुणाच्या सार्वभौमत्वाखाली आहे हे न्यायाधिकरणाने ठरवलेलंच नाही, तो त्याचा विषयच नव्हता. दुसरी आपल्या प्रश्नासाठी फार मोलाची आहे. सिएरा माद्रेभोवती जहाजांची जी कोंडी चालू होती, तिच्यावर निकाल देण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण ती लष्करी हालचाल आहे, असं न्यायाधिकरणाने म्हटलं. चीनने २००६ मध्येच लष्करी हालचालींचे वाद सक्तीच्या निवाड्यातून वगळणारं निवेदन दिलेलं होतं. म्हणजे ‘२०१६ च्या निवाड्याने ही कोंडी बेकायदा ठरवली’ असं कुणी लिहिलं तर ते चूक आहे. निवाडा फिलिपिन्सच्या बाजूचा असूनही ते चूकच आहे. आपल्याला ज्या बाजूबद्दल सहानुभूती वाटते, तिच्या बाबतीत दुप्पट काटेकोर राहायला हवं.

भारताच्या बाबतीतही तसंच. ७ एप्रिल २०२१ रोजी ‘जॉन पॉल जोन्स’ या अमेरिकी विनाशिकेने लक्षद्वीपजवळ, आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, परवानगी न घेता संचार केला आणि अमेरिकी नौदलाने ते जाहीर केलं. परक्या नौदलांनी आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात संमतीशिवाय लष्करी सराव करू नयेत, ही भारताची जुनी भूमिका आहे. अमेरिकेला ती मान्य नाही, आणि गंमत म्हणजे तो करार अमेरिकेने स्वतः स्वीकारलेला नाही. या एका मुद्द्यावर आपली भूमिका वॉशिंग्टनपेक्षा बीजिंगच्या जवळ जाते. हे लिहायला अवघड वाटत असेल, तरी लिहिलं पाहिजे. संशोधकाने स्वतःच्या देशावर प्रेम करावं आणि त्याच्या कायदेशीर भूमिका बारकाईनेही तपासाव्यात. या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात.

४. जहाजं ओळखायला शिका, नुसती मोजू नका

अमेरिकी संरक्षण खात्याच्या अहवालांत चीनच्या नौदलात ३७० हून अधिक जहाजं आणि पाणबुड्या असल्याचं म्हटलं आहे. संख्येने ते जगातलं सर्वांत मोठं नौदल आहे. वजनाच्या हिशेबाने अमेरिका पुढे आहे. आणि दोन्ही आकडे बाजूला ठेवले तरी खरा प्रश्न उरतो: एखाद्या दिवशी त्या पाण्यात प्रत्यक्ष किती जहाजं असतात? नौदलांचा साधा अंदाज असा की तीन जहाजांतलं एक मोहिमेवर, एक तयारीत आणि एक दुरुस्तीला असतं. सोबत तेल आणि रसद पुरवणारी जहाजं किती हे पाहिल्याशिवाय लांब पल्ल्याच्या मोहिमांबद्दल काही बोलू नका. डिसेंबर २००८ पासून चीनची नौदल पथकं एडनच्या आखातात चाचेविरोधी गस्तीवर जात आहेत. त्या अनुभवातून त्यांनी काय शिकलं हे बघायचं तर प्रत्येक पथकातल्या विनाशिकेइतकंच तेलपुरवठा जहाजाकडे लक्ष द्या. २०१७ मध्ये जिबूतीत त्यांचा तळ का उभा राहिला हेही त्यातून उलगडतं.

आपल्या प्रवाळाकडे परत येऊ. तिथे समोरासमोर येणारी जहाजं युद्धनौका नसतात. एका बाजूला चीनच्या तटरक्षक दलाची मोठी पांढरी जहाजं असतात, त्यांच्या मागे मच्छीमारी नौकांसारखी दिसणारी सागरी मिलिशियाची, म्हणजे सरकारसाठी काम करणाऱ्या निमलष्करी दलाची जहाजं. दुसऱ्या बाजूला फिलिपिन्सच्या तटरक्षक दलाची तुलनेने लहान जहाजं आणि ‘उनायझा मे’ नावाच्या भाड्याच्या लाकडी रसदबोटी. पाण्याच्या तोफेचा झोत पोलादी जहाजाला ओला करतो, लाकडी बोटीची मात्र काच फोडतो आणि फळ्या उचकटतो. मार्च २०२४ मध्ये अशा झोतांनी बोटीवरची माणसं जखमी झाली. हत्यार तेच, पण बोट कशाची आहे यावर परिणाम ठरतो. ही गोष्ट जहाजांच्या यादीत दिसत नाही.

आता मूळ प्रश्न. तटरक्षक दलच का? अमेरिका आणि फिलिपिन्स यांच्यातल्या १९५१ च्या परस्पर संरक्षण करारानुसार फिलिपिन्सच्या सैन्यावर, सरकारी जहाजांवर किंवा विमानांवर प्रशांत क्षेत्रात सशस्त्र हल्ला झाला तर अमेरिका मदतीला बांधील आहे. सिएरा माद्रे गंजून चाळण झाली तरी फिलिपिन्सच्या नौदलाच्या पटावर आहे, म्हणून तिच्यावर गोळी झाडणं म्हणजे थेट त्या कराराला हात घालणं. पाण्याचा झोत मात्र ‘कायद्याची अंमलबजावणी’ म्हणून मांडता येतो. चीनचं तटरक्षक दल २०१८ पासून केंद्रीय लष्करी आयोगाच्या, म्हणजे चीनच्या सैन्याच्या सर्वोच्च मंडळाच्या, अखत्यारीत आहे आणि २०२१ च्या कायद्याने त्याला शस्त्र वापरायचे व्यापक अधिकार दिले आहेत. त्यामुळे पांढरा रंग बघून त्याला पोलिसांची बोट समजू नये. उंबरठा कुठे आहे हे ओळखून त्याच्या बोटभर अलीकडे उभं राहण्याचं हे काम आहे. मे २०२४ मध्ये फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांनी सिंगापूरच्या शांग्री-ला सुरक्षा परिषदेत सांगितलं की हेतुपुरस्सर कृतीने एखादा फिलिपिनो नागरिक मेला तर ते युद्धाच्या कृतीच्या फार जवळ जाईल. तो उंबरठा मोठ्याने सांगण्याचा प्रयत्न होता.

५. पुरावा गोळा करा आणि त्याच्या मर्यादा ओळखा

समुद्रावर काय घडलं हे पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून कळू शकतं का? बऱ्यापैकी कळतं, पण साधनं कुठे आंधळी होतात हे माहीत असेल तरच.

पहिलं साधन एआयएस, म्हणजे जहाजाची स्वयंचलित ओळख यंत्रणा. आंतरराष्ट्रीय प्रवासावरच्या ३०० टनांपुढच्या जहाजांना हे यंत्र सक्तीचं आहे. ते जहाजाचं नाव, जागा, दिशा आणि वेग रेडिओवरून सतत सांगत राहतं. मरीनट्रॅफिक, व्हेसलफाइंडर किंवा ग्लोबल फिशिंग वॉच यांवर ते दिसतं. प्रत्येक नोंदीत नऊ अंकी ओळख क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात: भारत ४१९, फिलिपिन्स ५४८, चीन ४१२ ते ४१४. हा क्रमांक बदलता येतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात अंकी क्रमांक मात्र जहाजाच्या सांगाड्याला जन्मभर चिकटलेला असतो, नाव आणि झेंडा बदलला तरी तोच राहतो. तो खोटा आहे का हे कागदावर तपासता येतं. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक आणि क्रमांकाचा सातवा अंक एकच यायला हवा. उदाहरणार्थ ९०७४७२९ घ्या. ६३ अधिक ० अधिक ३५ अधिक १६ अधिक २१ अधिक ४ म्हणजे १३९. शेवटी ९, क्रमांकाच्या शेवटीही ९. बरोबर. जुळला नाही तर तिथे थांबा आणि शोध घ्या.

आता आंधळ्या जागा. युद्धनौका आणि मिलिशिया हे यंत्र मनाला येईल तेव्हा बंद करतात. खोटी जागाही दाखवता येते. २०१९ मध्ये शांघायच्या हुआंगपू नदीत जहाजांच्या नोंदी गोल गोल फिरताना दिसत होत्या, कारण उपग्रह-दिशादर्शनाच्या संकेतांत गडबड केलेली होती. नोव्हेंबर २०२१ च्या सुमारास चीनमधल्या किनारी केंद्रांकडून बाहेर जाणारी माहिती एकदम घटली, माहितीविषयीचे नवे कायदे लागू झाल्यावर. त्या काळातला आलेख बघून कुणी ‘चीनच्या किनाऱ्यावरची जहाजं कमी झाली’ असं लिहिलं तर काय म्हणाल? म्हणून जहाज दिसणं हा पुरावा आहे, न दिसणं हा बहुतेक वेळा पुरावा नाही.

दुसरं साधन उपग्रहचित्रं. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, पण तिथला एक ठिपका म्हणजे १० मीटर. सुमारे १०० मीटर लांबीची सिएरा माद्रे म्हणजे दहाएक ठिपक्यांची रेघ. रसदीची लाकडी बोट म्हणजे दोन-तीन ठिपके, तेही लाटांच्या फेसात हरवणारे. त्यामुळे या चित्रातून ‘मोठी चार जहाजं होती’ असं म्हणता येईल, ‘कुणी कुणाला धडक दिली’ असं म्हणता येणार नाही. पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रं निरुपयोगी होतात. तेव्हा सेंटिनेल-१ ची रडारचित्रं वापरा, ती ढगांतून आणि रात्रीही घेतली जातात. रात्री दिवे लावून मासेमारी करणाऱ्या ताफ्यांसाठी अमेरिकी हवामान उपग्रहांची रात्रीची चित्रं कामी येतात.

इथे ऋतूचं भान हवं. चीन १९९९ पासून दरवर्षी १२ अंश उत्तर अक्षांशाच्या वरच्या पाण्यात उन्हाळी मासेमारी बंदी जाहीर करतो. अलीकडे ती मे ते मध्य ऑगस्ट अशी असते. बंदी संपली की शेकडो नौका एकदम बाहेर पडतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली गर्दी बघून ‘चीनने अचानक ताफा सोडला’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने वर्षभराचं चक्र पाहिलेलं नसतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. रत्नागिरी-मालवणकडच्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही, आणि अशा माहितीचा संशोधनात खरा उपयोग होतो.

तिसरं, चित्रफिती. २०२३ पासून फिलिपिन्सचं तटरक्षक दल पत्रकारांना जहाजावर नेऊ लागलं आणि धडकांचे व्हिडिओ लगेच बाहेर येऊ लागले. चीनही आपले व्हिडिओ सोडतो. दोन्ही बाजूंची चित्रफीत कुठून सुरू होते आणि कुठे कापली आहे ते पाहा.

हे सगळं एका तक्त्यात भरा. तारीख, वेळ, जागा, जहाज, काय घडलं, कोण म्हणतं, कशावरून. वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत लिहा. एआयएसची वेळ तीच असते, मनिला आणि बीजिंग आठ तास पुढे आणि आपण साडेपाच तास. हा घोळ झाला तर रात्रीची घटना दुसऱ्याच दिवशी जाऊन बसते. ‘कोण म्हणतं’ हा रकाना कधीच रिकामा सोडू नका. १७ जून २०२४ च्या झटापटीत फिलिपिन्सच्या एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. त्यानंतर काही दिवसांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून ‘बहुधा गैरसमज किंवा अपघात’ असं निवेदन आलं आणि लगेच पुढच्या काही दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी ते कृत्य हेतुपुरस्सर होतं असं सांगितलं. ‘फिलिपिन्सच्या मते’ असं लिहून भागत नाही. कोणाच्या मते आणि कोणत्या तारखेला?

६. सरकारी कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा

एक कागद एकटा वाचला तर तो भाषण वाटतो. दोन वर्षांचे दोन कागद शेजारी ठेवले की रणनीती दिसते. २०१६ मध्ये निवाडा आला तेव्हा भारताने आपण त्याची नोंद घेतली आहे, इतकंच म्हटलं. जून २०२३ मध्ये भारत आणि फिलिपिन्सच्या संयुक्त निवेदनात त्या निवाड्याचं पालन व्हावं असं आलं. मधल्या काळात गलवान घडलं होतं, आणि जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सने भारताकडून ब्राह्मोस क्षेपणास्त्रं घेण्याचा सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार केला होता. एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप मनिलाजवळ पोहोचली. कोणत्या घटनेमुळे भाषा बदलली हे लगेच सांगू नका, पण क्रम मांडा.

भारतीय नौदलाचं २०१५ चं सागरी सुरक्षा रणनीतीचं दस्तऐवज सगळ्यांना खुलं आहे. त्यात दक्षिण चीन समुद्र दुय्यम हितक्षेत्रात आहे. त्याच वर्षीच्या चीनच्या संरक्षण श्वेतपत्रिकेत जमिनीला समुद्रापेक्षा मोठं मानण्याची परंपरागत वृत्ती सोडली पाहिजे असं म्हटलं आहे. दोन्ही कागद एका बैठकीत वाचा.

शोध घेताना जागेची सगळी नावं टाका. सेकंड थॉमस शोल फिलिपिन्समध्ये आयुंगिन, चीनमध्ये रेनआय. फक्त इंग्रजी नावाने शोधणाऱ्याला निम्मी बाजूही दिसत नाही. आणि शक्य असेल तर एक आशियाई भाषा शिकाच. पुण्यात जपानी शिकवणाऱ्या संस्था भरपूर आहेत, तरीही जपानच्या सागरी धोरणावर मूळ भाषेतून काम करणारे मराठी अभ्यासक बोटांवर मोजण्याइतके. चिनीच्या बाबतीत तर उणीव आणखी मोठी. आपल्या पिढीला ही जागा भरून काढता येईल.

७. माणसांशी बोला, पण जबाबदारीने

निवृत्त नौदल अधिकारी, व्यापारी जहाजांवरचे कप्तान आणि इंजिनिअर, बंदरातले पायलट, गोदीतले कामगार, तांडेल. यांच्याशी बोलल्याशिवाय समुद्र कळत नाही. त्यांना गुपितं विचारू नका, पद्धत विचारा. भर समुद्रात तेल कसं भरतात? जहाज जवळ आलं तर रेडिओवर काय बोलतात? लाट किती असली की छोटी बोट उतरवत नाहीत? या उत्तरांनी तुमच्या तक्त्यातल्या नोंदींना अर्थ येतो.

१९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. नौदल गोदी, तळ, पाणबुड्यांचे धक्के यांचे फोटो काढू नका आणि कुणी पाठवले तरी पुढे पाठवू नका. हातात एखादा ‘आतला’ कागद आला तर तो वापरू नका. खुल्या माहितीवर आयुष्यभर काम करता येतं.

मच्छीमारांशी बोलताना आणखी जपा. पालघरच्या खलाशांसह कित्येक भारतीय मच्छीमार पाकिस्तानच्या तुरुंगात राहून आले आहेत. त्यांचं नाव, बोटीचं नाव, गाव छापल्याने त्यांना इथेही त्रास होऊ शकतो. विचारा, समजावून सांगा आणि नाव बदला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवादी ‘कुबेर’ ही पळवलेली मच्छीमार नौका वापरून मुंबईजवळ आले आणि रबरी बोटीने कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले. त्यानंतर २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं मिळाली, किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, २०१९ पासून ‘सी व्हिजिल’ हा देशव्यापी सराव होऊ लागला. यावर इंग्रजीत धोरणात्मक लेखन पुष्कळ आहे. ससून डॉकवरच्या किंवा देवगडच्या माणसाला या व्यवस्थेचा रोजचा अनुभव काय आहे, यावर फार थोडं आहे. ते काम मराठीत बोलणाऱ्या संशोधकाने करायचं नाही तर कुणी?

मराठी अभ्यासकाकडे आणखी एक गोष्ट आहे, मोडी. समुद्रात ये-जा करणाऱ्या जहाजांना पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नावाचे परवाने विकायचे, पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक घ्यायला लावले. समुद्र सगळ्यांना खुला की किनाऱ्याच्या धन्याचा, हा वाद आशियात नवा नाही. त्याचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीत आणि पणजीच्या अभिलेखागारात पोर्तुगीजमध्ये आहेत. जुन्या कागदांना आजही वजन आहे. २०१६ च्या न्यायाधिकरणासमोर भरावाखाली गाडले गेलेले प्रवाळ मूळचे कसे होते हा प्रश्न आला तेव्हा त्याने जुनी जलसर्वेक्षणं आणि ब्रिटिश, फ्रेंच अभिलेखागारांतले कागद तपासले होते.

संस्थांचं थोडक्यात. दिल्लीचं नॅशनल मेरिटाइम फाउंडेशन आणि मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था, मुंबईची मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग, सिंगापूरची एस. राजारत्नम संस्था. यांचं प्रकाशित काम आधी वाचा, मग अर्ज करा. गोव्यात वेऱ्यातलं (मांडवीकाठचं वेरें) नौदल युद्ध महाविद्यालय अधिकाऱ्यांसाठी आहे, पण २०१७ पासून ते भरवत असलेल्या गोवा मेरिटाइम कॉन्क्लेव्हच्या विषयांवरून नौदल सध्या कशाचा विचार करतंय हे समजतं.

८. लिहायला लागा

पहिला मजकूर १५०० शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नका. एका घटनेचा क्रम, एक नकाशा, एक निष्कर्ष. वाक्यावाक्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: काय घडल्याचं दिसतं, कोण काय म्हणतं, आणि त्यावरून मला काय वाटतं. ‘चीनने धडक दिली’ आणि ‘फिलिपिन्सच्या तटरक्षक दलाने प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत चिनी जहाज बोटीच्या डाव्या बाजूला आदळताना दिसतं’ यांत दुसरं वाक्य लांब आहे, पण ते पाच वर्षांनीही टिकेल.

अंदाजाला अंदाज म्हणा आणि त्याला कसोटी जोडा. जुलै २०२४ मध्ये फिलिपिन्स आणि चीन यांच्यात रसद पोहोचवण्याबाबत तात्पुरती समजूत झाली. ती टिकेल असं तुम्हाला वाटत असेल तर कोणती घटना घडली की तुमचं म्हणणं खोटं ठरेल हे त्याच लेखात लिहून ठेवा. मग सहा महिन्यांनी तो लेख पुन्हा काढा.

छापण्याआधी मजकूर दोघांना दाखवा: समुद्रावर नोकरी केलेल्या एका माणसाला आणि कायदा शिकलेल्या एकाला. पहिला सांगेल की असं जहाज असं वळत नाही. दुसरा विचारेल की ‘हद्द’ म्हणजे नेमकी कोणती. त्यांनी खुणा केलेली पानं घेऊन परत तक्त्याकडे जा, आणि नोंदी पुन्हा एकेक करून तपासा.